बसऱ्याला गेलेली माणसे : महायुद्धात कामी आलेल्या पूर्वजाचा शोध

पहिल्या महायुद्धासाठी हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसे सैन्यात आणि सैन्याच्या दिमतीला गेली. त्यांतली ७४ हजारांच्या आसपास परतली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचा आकडा २५ लाखांवर गेला आणि मृतांचा ८७ हजारांवर. रत्नागिरी, सातारा, कुलाबा, कोल्हापूर, पुणे, नगर, बेळगाव या भागांतले मराठी शिपाई या मृतांत पुष्कळ होते. त्यांच्या घरी आता चौथी-पाचवी पिढी नांदते आहे आणि त्या माणसाविषयी घरात बहुधा एखादे वाक्यच उरलेले असते : पणजोबांचा धाकटा भाऊ पलटणीत होता, बसऱ्याला गेला, तिकडेच कामी आला. कोणत्या पलटणीतून गेला, कशाने मेला, त्याच्या देहाचे काय झाले, हे सांगणारे कोणी राहिलेले नाही. अशा एका वाक्यापासून निघून त्या माणसापर्यंत कितपत पोचता येते, याचा विचार येथे केला आहे.

घरोघरच्या आठवणीत बसरा येतो, त्याला कारण आहे. हिंदी फौजा फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इजिप्त, गॅलिपोली अशा अनेक आघाड्यांवर लढल्या. पण मराठा पलटणींचा सर्वांत मोठा वाटा तुर्कांच्या ताब्यातील मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. त्या आघाडीवर प्रथम गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याची, ‘पूना डिव्हिजन’ याच नावाने ओळखली जाणारी. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या ब्रिगेडमध्येच ११७ वी मराठा पलटण होती. त्याच महिन्यात बसरा हाती आले. पुढे १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्रीही याच डिव्हिजनमधून टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली, जबर हानी सोसून फौज मागे फिरली आणि कुत-अल-अमारा या नदीच्या वळणावरील गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारले गेले. हिंदी शिपायांतल्या अनेकांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. भाजीपाला नव्हता, त्यामुळे स्कर्व्हीने माणसे खंगली. अखेर या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याने शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यात या तिन्ही मराठा पलटणी होत्या. उन्हाळ्याच्या तोंडावर, अर्धपोटी, वाळवंटातून चालवत नेलेल्या या कैद्यांपैकी अनेक हिंदी शिपाई रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. वाटेत आणि छावण्यांत किती माणसे गेली याची धड मोजदाद तेव्हाही झाली नाही. ‘बसऱ्याला गेला आणि परत आला नाही’ एवढीच हकीकत ज्या घरात आहे, तिथे कुतची शक्यता पहिल्यांदा तपासावी. कैदेत मेलेल्यांच्या नोंदीतली तारीख मात्र जपून घ्यावी लागते, कारण छावणीतला मृत्यू आणि त्याची खबर कागदावर येणे यांत पुष्कळ अंतर पडे.

फ्रान्समध्ये मराठी माणसे मुख्यतः खडकीच्या मुंबई सॅपर्स अँड मायनर्समधून, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकड्यांतून, आणि पायोनियर पलटणींतून गेली. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह-शापेल या गावावरील हल्ल्यात मुंबई सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या अक्षरशः होरपळून निघाल्या. त्याच गावी १९२७ साली उभारलेल्या हिंदी स्मारकावर ४,७००हून अधिक नावे कोरली आहेत. ज्याची कबर सापडली नाही अशा हिंदी शिपायाचे नाव तिथे भिंतीवर वाचता येते.

इराकात तसे नाही, आणि या विषयातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे. ज्यांच्या कबरी नाहीत अशा ४० हजारांहून अधिक माणसांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला उभे राहिले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. पण साध्या हिंदी शिपायांची, नाइकांची, हवालदारांची नावे कोरली गेली नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे किती माणसे, एवढाच हिशेब दगडावर राहिला. नावे ठाऊक नव्हती, असे म्हणायला जागा नाही. ती नोंदवहीत होती आणि आज त्याच नोंदींवरून ती शोधता येतात. अमारा येथील डाव्या तीरावरच्या हिंदी युद्ध दफनभूमीत सुमारे पाच हजार माणसे आहेत. त्यांतल्या फक्त नऊ जणांची ओळख पटलेली आहे, कारण लष्करी अधिकाऱ्यांनी दफनाच्या पुरेशा नोंदीच ठेवल्या नव्हत्या. बसऱ्याचे स्मारकही १९९७ मध्ये सरकारी हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेण्यात आले. इराकला जाऊन दगडावर पणजोबांचे नाव पाहावे, ही इच्छा म्हणूनच बहुधा पुरी होत नाही.

ही सारी स्मारके सांभाळणारी संस्था १९१७ मध्ये ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ म्हणून स्थापन झाली. १९६० पासून ती ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ आहे. मृत्यूनंतर दर्जा, वंश, धर्म पाहायचा नाही, हे तिचे घोषित तत्त्व. प्रत्यक्षात काय झाले, हे तिने स्वतःच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये लिहून ठेवले : आशिया आणि आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने केले गेले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचे स्मरण नावाने किंवा मुळीच झाले नाही. संस्थेने त्याबद्दल माफी मागितली. शोध घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने या अहवालाचा अर्थ व्यावहारिक आहे : नाव सापडले नाही म्हणून माणूस युद्धात मेलाच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

शोधाची सुरुवात घरातूनच करावी लागते. परदेशातल्या यादीत शिरण्याआधी पलटण आणि शिपायाचा नंबर हाती असला तर निम्मे काम झालेले असते. नंबर मिळण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे पदक. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत उमटवलेली असते : गोल पदकांच्या कडेवर, ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या मागच्या बाजूला. घरात पदक असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण कडेवरची अक्षरे आधीच झिजलेली असतात. तिरक्या उजेडात फोटो काढला की ती वाचता येतात. रुप्याची युद्धपदके अडीअडचणीला सोनाराकडे मोडली गेली, अशी घरे थोडी नाहीत. मृताच्या वारसाला ब्राँझची एक मोठी गोल तबकडी दिली जाई. तिच्यावर हुद्दा नाही, नंबर नाही, फक्त नाव असते. ती देवघरात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत निघाली तर मृत्यू लष्कराने युद्धमृत्यू मानला होता, एवढे नक्की होते. दुसऱ्या महायुद्धाची पदके हिंदी शिपायांना दिली गेली तीही नावानिशी.

पदकाखालोखाल पेन्शनचे कागद. विधवेला किंवा आईला फॅमिली पेन्शन मिळत असे आणि त्या हुकमावर नंबर-पलटण असे. ते हरवले असतील तर गावदप्तराकडे वळावे. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, परमुलखातला मृत्यू असेलच असे नाही; पण जन्म, बापाचे नाव, भावंडे यांचा मेळ तिथे बसतो. जमिनीच्या फेरफाराची नोंद अधिक बोलकी असते. खातेदार मयत झाल्यावर विधवेचे किंवा भावाचे नाव कधी लागले, हे तिच्यात दिसते आणि मृत्यूची खबर गावाला साधारण कधी पोचली याचा अंदाज येतो. मोडी वाचणारे माणूस मात्र सोबत हवे. जुन्या नोंदी त्याशिवाय उलगडत नाहीत.

लिहिलेल्या कागदांइतकेच महत्त्व घराच्या धार्मिक रिवाजांना द्यायला हवे, आणि बाहेरच्या मार्गदर्शक पुस्तकांत हे सापडत नाही. देह हाती आला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यावर संस्कार करायचा, तो पालाशविधी. तो झाल्याची आठवण घरात असेल तर कुटुंबाला मृत्यूची खबर निश्चित मिळाली होती, असे समजावे. श्राद्ध कोणत्या तिथीला होते हेही विचारावे. भाद्रपदातल्या पितृपक्षात घातचतुर्दशीला, पंचांगात जिला शस्त्रादिहत पितृश्राद्ध म्हणतात त्या दिवशी, ते होत असेल तर हा माणूस शस्त्राने मेला अशी घराची समजूत होती. सर्वपित्रीला होत असेल तर तिथी बहुधा कळलीच नव्हती. दुसरी एखादी ठराविक तिथी पाळली जात असेल तर जुन्या पंचांगावरून तिची इंग्रजी तारीख काढून लष्करी नोंदीशी ताडून पाहता येते. देवघरातला वीराचा टाक कोणाच्या नावाचा, त्र्यंबकेश्वरच्या किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराण्यातल्या कोणाची नोंद कधी झाली, हे प्रश्नही याच जातीचे. आणि हे प्रश्न लेकीसुनांना विचारावेत. घरातून दुसरीकडे दिलेल्या मुलींच्या सासरी माहेरच्या मेलेल्या भावाची आठवण कधीकधी मूळ घरापेक्षा जास्त शाबूत राहिलेली असते.

गावातले दगडही पाहावेत. महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या : या गावातून इतकी माणसे युद्धावर गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावच्या स्मारकाशी पहिल्या महायुद्धातल्या ४६ मृतांची स्मृती जोडलेली आहे. या पाट्यांवर सहसा नावे नसतात; पण गावचा आकडा कळतो, आणि नावांची यादी जुळवताना तो पडताळ्याला उपयोगी पडतो. वीरगळांच्या या मुलुखात, जिथे शेकडो वर्षांपूर्वी गुरे राखताना मेलेल्या माणसाचीही शिळा गावाने उभी केली, तिथे विसाव्या शतकातल्या मृतांना नुसता आकडा मिळावा हे खटकते.

पलटणीच्या नावांचा गुंता आधी सोडवून घेतला नाही तर पुढचे सगळे चुकते. १९०३ मध्ये सरसेनापती लॉर्ड किचनेरने हिंदी फौजेची फेररचना केली तेव्हा जुन्या मुंबई फौजेतल्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी. १९२२ मध्ये पुन्हा बदल झाला. सहा मराठा पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ ही एक रेजिमेंट झाली आणि तिचे केंद्र बेळगावला आले. त्या वेळी १०३ वी ही पहिली बटालियन ठरली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, तर ११४ वी प्रशिक्षणासाठी दहावी. म्हणजे ‘पाचवीत होता’ या घरच्या वाक्याचे तीन अर्थ होऊ शकतात : जुनी पाचवी मुंबई पलटण, १९२२ नंतरची पाचवी बटालियन, किंवा ‘पाचवी मराठा’ ही सबंध रेजिमेंट. शिपायांच्या तोंडची नावे इथे मदतीला येतात. ‘जंगी पलटण’ म्हटले की ती १०३ वी, ‘काळी पाचवी’ म्हटले की १०५ वी. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण मात्र युद्धानंतर लवकरच मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला नव्याने उभी राहिली, त्यामुळे पहिल्या युद्धातल्या महार शिपायाचा माग तिच्या इतिहासात काढू नये. पायोनियर पलटणीही १९३३च्या सुमारास बंद झाल्या.

एवढी तयारी झाली की वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरील मृतांची यादी उघडावी. ती विनामूल्य आहे. शोध नावाने करण्यापेक्षा पलटण आणि मृत्यूचे वर्ष घालून करणे मराठी नावांच्या बाबतीत अधिक फलदायी ठरते. याचे कारण रोमन लिपीतली स्पेलिंगे. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. जाधव, पवार, शिंदे, सावंत ही आडनावे चार-चार तऱ्हांनी सापडतात. कुठे आडनावच नसते, फक्त नाव आणि बापाचे नाव. काही नोंदींत मात्र बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा एवढे सगळे असते, आणि तेव्हा शंका उरत नाही. जिल्हे त्या काळचे असतात, हे ध्यानात ठेवावे : कणकवली-सावंतवाडीकडचा शोध घेताना सिंधुदुर्ग शोधून उपयोग नाही, कारण तो जिल्हा १९८१ चा, रायगडसाठी कुलाबा पाहावे, आणि आजच्या सांगलीतली पुष्कळ गावे तेव्हा साताऱ्यात होती. त्याच नावाची पाच माणसे निघाली आणि नंबर हाती नसेल तर त्यांतला एक ‘आपला’ म्हणून निवडू नये. घराण्याचा इतिहास अशा एका घाईने कायमचा बिघडतो.

नाव सापडल्यावर पुढचा पल्ला युद्ध दैनंदिन्यांचा. प्रत्येक पलटण रोजची हकीकत लिहून ठेवी. या दैनंदिन्या लंडनजवळ क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि बऱ्याच संगणकावर वाचता येतात. शिपायाचे नाव त्यात क्वचितच येते. ‘दोन ठार, सात जखमी’ असे लिहिलेले असते. तरी मृत्यूची तारीख माहीत असली की त्या दिवशी पलटण कुठे होती, पाऊस होता की धूळ, हल्ला होता की नुसता पहारा, हे कळते. लढाईची नोंदच नसेल तर मृत्यू आजाराने झाला असण्याचा संभव मोठा. मेसोपोटेमियात कॉलरा, हगवण आणि उष्माघात यांनी फार माणसे नेली. घरात ‘गोळी लागून गेला’ अशी समजूत असते आणि कागद रोगाचे नाव सांगतो. अशा वेळी कागदाचे ऐकावे. तापाने तळमळून मेलेल्या शिपायाचा मृत्यू कमी प्रतीचा नाही.

शिपायाचा शीट रोल, म्हणजे भरतीपासूनची त्याची वैयक्तिक नोंद, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, मुंबई सॅपर्सचे खडकीला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसासाठी तिथे, नंबर देऊन, लेखी विचारणा करणे योग्य ठरते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचीही त्यात मदत घेता येते. पहिल्या युद्धातल्या शिपायांचे शीट रोल फारच थोडे उरले आहेत. पंजाबात लाहोरच्या संग्रहालयात गावोगावच्या ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदवह्या निघाल्या आणि २०२१ पासून त्या लोकांपुढे येऊ लागल्या; त्यांत एकेका गावातले कोण गेले, कोण मेले, ते आहे. मुंबई इलाख्यासाठी असे साधन लोकांच्या हाती नाही. त्याची उणीव गावदप्तरे, पाट्या आणि घरच्या आठवणी एकत्र करूनच भरून काढावी लागेल, आणि हे काम एकेकट्या कुटुंबापेक्षा गावाने हाती घेतले तर जास्त पुढे जाईल.

शोध घेणारे दोन ठिकाणी हटकून चुकतात. दिल्लीच्या इंडिया गेटवर आपल्या माणसाचे नाव असणारच, अशी अनेकांची खात्री असते. त्या वास्तूवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. इराकात मेलेल्याचे नाव तिथे शोधू नये. खडकीच्या युद्धस्मारकावरील पहिल्या महायुद्धाची नावे तर हिंदुस्थानातच मेलेल्या आणि इथल्या दफनभूमींत पुरलेल्या माणसांची आहेत. मुंबईत मात्र एक जागा मराठी वाचकांनी आवर्जून पाहावी. मशीद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांवर खलाशांचे स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या व व्यापारी जहाजांवरच्या मृतांची नोंदवहीही. कोकणातल्या ज्या घरांतला माणूस ‘बोटीवर होता’, त्यांचा शोध लष्कराच्या यादीत चालणार नाही. तो इथून सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धाची साधने जास्त आणि अंतर कमी, म्हणून त्याविषयी थोडके पुरे. मराठा पलटणी १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढल्या, दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये टोब्रुक येथे कैद झाली, चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला होती, आणि इटलीत मराठ्यांनी मोठी किंमत मोजली. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. हिंदू शिपायांचे दहन होई, म्हणून कबर न सापडणे हे नोंद नसण्याचे लक्षण नव्हे; फोर्ली, सांग्रो, केरेन येथे दहन झालेल्यांची वेगळी स्मारके आहेत.

सगळे करूनही नाव कुठेच मिळाले नाही, तर कमिशनकडे दावा करता येतो. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतींत सेवेत असताना आलेला मृत्यू त्यासाठी ग्राह्य धरला जातो. सेवेतून सुटल्यावर मृत्यू आला असेल तर तो सेवेमुळेच आला, हे दाखवावे लागते. पुरावा त्या काळचा आणि लेखी हवा : पेन्शनचा हुकूम, लष्कराचे पत्र, मृत्यूची नोंद. नुसती आठवण चालत नाही. चुकीचे स्पेलिंग, गाळलेले गाव, उलटे लिहिलेले बापाचे नाव यांची दुरुस्तीही याच मार्गाने होते.

ज्यांच्या घरात असा माणूस होता त्यांनी हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. पदकाच्या कडेचा आणि फेरफाराच्या उताऱ्याचा फोटो काढून ठेवावा, घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला जे आठवते ते तिच्या शब्दांत उतरवून घ्यावे, आणि वंशावळीत जिथे ‘निपुत्रिक’ एवढेच लिहून रेघ ओढलेली असते तिथे त्या शिपायाचे पूर्ण नाव, नंबर, पलटण आणि मृत्यूचे ठिकाण लिहावे.